शांत बसलेलं लेकरू आधी उचल

सांगली

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

जत तालुक्यातली अंगणवाडी मिळाली, बरं झालं. पहिल्या दिवशी रडकी आणि दंगेखोर पोरं तुला घेरतील. त्यांचं नंतर बघ. भिंतीला टेकून बसलेलं, हातातलं खेळणं हिसकावलं तरी न भांडणारं लेकरू आधी उचल. आई कौतुकानं सांगेल, "लई गरीब आहे, कसला म्हणून तरास नाही." पोटाला कमी पडलं की शरीर खर्च आवरतं, आणि पहिली कात्री खेळण्यावर चालते. पोर धावत नाही, वस्तू उचकटत नाही, बडबडत नाही. मेंदू तर याच उचापतींतून घडतो. अंगात लोहही कमी असेल तर शिकणं, लक्ष देणं आणखी मागं पडतं.

मग माप घे. नुसत्या वजनावर थांबू नकोस. उंचीच्या मानानं वजन कमी, म्हणजे अलीकडची उपासमार नाहीतर आजारपण. वयाच्या मानानं उंची कमी, म्हणजे कित्येक महिने, कधी आईच्या पोटात असल्यापासून कमी पडत आलंय. ही खुरटलेली पोरं गावाच्या डोळ्यांत भरत नाहीत, कारण शेजारचीही तेवढीच असतात. "आमच्यात सगळी बुटकीच" हे उत्तर तयार असतं. पाचाच्या आत मात्र उंचीवर घराण्यापेक्षा खाण्याचा आणि आजारपणाचा हात मोठा. गर्भातले 270 दिवस आणि पुढचे 730 हातचे गेले, तर राहिलेली उंची नंतर पुरती भरून निघणं अवघड.

मापं चुकतात ती बारीकसारीक कारणांनी. काटा झोळीसकट शून्यावर आणायचा राहतो. स्वेटर आणि पायातले वाळे तसेच राहतात. 200 ग्रॅमचा फरक तीव्र कुपोषित पोराला मध्यममध्ये ढकलायला पुरतो. दोन वर्षांच्या आतलं मूल झोपवून मोजायचं, गुडघे दाबून सरळ करून. एकटीनं जमत नाही, डोकं धरायला मदतनीस हवीच. दोनाच्या पुढचं उभं. दंडाचा घेर मोजायची पट्टी डाव्या हाताला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला. पट्टी कातडीला टेकेल इतकीच, आवळायची नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत 11.5 सेंमीच्या खाली तीव्र, 11.5 ते 12.5 च्या आत मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाब. खड्डा राहिला तर काटा काहीही सांगो, ते पोर तीव्र कुपोषितच, कारण सूज वजन वाढवून दाखवते. सूज, ताप, जुलाब किंवा घास नाकारणं, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र. घरी तूप-गुळाचा मारा करू देऊ नकोस, थकलेल्या शरीराला तो झेपत नाही.

आता वाटीत डोकाव. आमच्या भागात अन्न नसतं असं क्वचित. अन्नात पाणी फार असतं. वरणाचं पाणी, भाताची पेज, चहात बुडवलेला बटर. नऊ-दहा महिन्यांच्या बाळाला आईचं दूध चालू असताना वरच्या खाण्यातून साधारण 300 कॅलरी लागतात. पातळ पेजेच्या वाटीत जेमतेम 50-60, आणि पोट एका वेळी किलोमागे 30 मिलीच घेतं. सात किलोच्या बाळाचं पोट दीड वाटीत तुडुंब, ताकद मात्र नाही. म्हणून चमचा आडवा केला तरी पटकन ओघळणार नाही इतकं घट्ट. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, चमचाभर शेंगतेल, चमचाभर शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट. दिवसातून तीन-चार वेळा, मध्ये एकदोनदा केळं किंवा अंडं. घट्ट घास गिळत नाही म्हणून आया पाणी ओततात. त्यापेक्षा नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवायला सांग. शिजलेली घट्ट पेज कोमट झाली की चिमूटभर पीठ ढवळून थोडा वेळ ठेवायची. पेज आपोआप सैल होते, मग पुन्हा एक उकळी. पीठ मात्र खरपूस भाजायचं नाही, नाहीतर तो गुण जळून जातो. ज्वारीला मोड आणू नकोस, त्यात विषारी घटक वाढतो.

लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा, 1 मिली. शी काळी होईल हे आधीच सांग, नाहीतर बाटली फळीवर जाते. तीव्र कुपोषित पोराला डॉक्टरांना विचारूनच.

हंगामात पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांच्या गावात काम पडलं, तर ऊसतोड्यांच्या कोप्यांकडे, म्हणजे झोपड्यांकडे, दुपारी फिरकू नकोस. आई पहाटेच फडात गेलेली असते, बाळ सात-आठ वर्षांच्या ताईच्या कडेवर, जवळ शिळी भाकरी. सहाच्या पुढं जा, बैलगाड्या परतल्यावर. दंडाची पट्टी आणि टॉर्च बरोबर घे. मूळ गावच्या अंगणवाडीतलं कार्ड माग, नसलं तरी नाव तुझ्याकडं घे. आणि त्या ताईचाही दंड मोज. तिच्या वयाला ही पट्टी लागू नाही, पण बोटांत दंड किती मावतो ते कळेल.

तुझी,
मावशी