विकत घेतलेला गेम आणि दाराशी बसलेला लाँचर

प्रश्न : माझा मोठा भाऊ 2000 नंतरच्या दशकात सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळत वाढला आणि पीसी गेमच्या डिस्कची वीसेक खोकी त्याने अजून कपाटात जपून ठेवली आहेत. मी मात्र आजवर एकही डिस्क विकत घेतलेली नाही. माझे सर्व गेम एका ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरच्या खात्यात आहेत. गेल्या दिवाळीच्या सुटीत दादाने एका मित्राकडून एक जुना गेम खोक्यासकट विकत घेतला. डिस्क घातल्यावर प्लॅटफॉर्मचा क्लायंट (म्हणजे संगणकावर चालणारा त्याचा प्रोग्रॅम) इन्स्टॉल करा, खाते उघडा आणि खोक्यातला कोड नोंदवा, अशी सूचना आली. कोड नोंदवला, तर तो आधीच दुसऱ्या खात्यात वापरला गेल्याचे कळले. दादाच्या मते ही उघड फसवणूक आहे. माझ्या मते हे प्लॅटफॉर्म नसते, तर आपल्यासारख्यांना अद्ययावत आणि खात्रीचे गेम वाजवी दरात मिळालेच नसते. आपण काय म्हणाल?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या दादांची तक्रार दुकानाविषयी नाही आणि तुम्ही बाजू मांडता ती दुकानाची, म्हणून तुमचा वाद मिटत नाही. गेम कोठून घ्यावा हा एक प्रश्न आहे. घेतलेला गेम सुरू करताना कोणाची परवानगी लागावी, हा निराळा. पहिला दुकानाचा, दुसरा दाराचा. या दोन गोष्टी एकाच प्रोग्रॅममध्ये कशा येऊन बसल्या, ते आधी पाहू.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या बेल्व्ह्यू येथील व्हॉल्व्ह या कंपनीने 12 सप्टेंबर 2003 रोजी स्टीम हे प्लॅटफॉर्म सुरू केले, तेव्हा दुकान थाटणे हा त्यामागचा मुख्य हेतू नव्हता. त्या काळी ऑनलाइन गेमचा नवा पॅच, म्हणजे सुधारणांची फाइल, आला की तो ज्याचा त्याने शोधायचा, उतरवायचा आणि बसवायचा असे, आणि तोवर जुनी आवृत्ती असलेल्या खेळाडूला नव्या आवृत्तीच्या सर्व्हरवर प्रवेश नसे. त्यामुळे प्रत्येक पॅचनंतर खेळणाऱ्यांची मंडळी काही दिवस विखुरलेलीच राहत. पॅच आपोआप पोहोचावेत आणि चीटिंगला व पायरसीला आळा बसावा, यासाठी हे साधन आणले गेले. सुरुवातीला ते इतके संथ आणि अडखळणारे होते की लोकांनी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. 2004 च्या जुलैअखेर व्हॉल्व्हने आपले गेम ऑनलाइन जोडणारे जुने वॉन नेटवर्क बंद केले आणि मग अधिकृत मार्गाने व्हॉल्व्हचाच काउंटर-स्ट्राइक ऑनलाइन खेळणाऱ्याला स्टीमवाचून पर्याय उरला नाही. आपल्याकडच्या कॅफेंमधून फिरणारी ‘नॉन-स्टीम’ प्रत तुमच्या दादांना नक्की आठवत असेल. ती कशात चालते यापेक्षा कशावाचून चालते, यावरून तिचे नाव पडले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तरीही ऑनलाइन गेमसाठी सर्व्हरशी जोडून घ्यावे लागणे समजण्यासारखे होते. खरा भडका उडाला तो व्हॉल्व्हच्याच हाफ-लाइफ 2 मुळे. 16 नोव्हेंबर 2004 रोजी आलेला हा गेम एकट्याने खेळायचा, कथेवर चालणारा; त्याला स्वतःला इंटरनेटची काहीच गरज नव्हती. पण दुकानातून डिस्क विकत आणणाऱ्यालाही स्टीमचे खाते उघडून तो ॲक्टिव्हेट करावा लागे, कारण डिस्कवरच्या फाइली कुलूपबंद होत्या आणि त्या कुलपाची किल्ली सर्व्हरकडे होती. पहिल्याच दिवशी सर्व्हरवर एवढा ताण आला की डिस्क घरात असूनही अनेकांना गेम सुरू करता आला नाही. ज्यांच्याकडे डायल-अप जोडणी होती, किंवा मुळीच नव्हती, त्यांची अवस्था काय झाली असेल ते सांगायला नको.

दादांच्या खोक्याचे जे झाले, तसाच एक प्रश्न पुढे न्यायालयापर्यंत गेला. जर्मनीतील ग्राहक संघटनांच्या महासंघाने याच गेमच्या निमित्ताने व्हॉल्व्हविरुद्ध दावा लावला होता. डिस्क विकणे कायदेशीर आहे, पण तिच्याशी जोडलेले खाते दुसऱ्याला देण्यास मनाई आहे. मग ती डिस्क घेणाऱ्याच्या पदरात काय पडते, असा त्यांचा मुद्दा होता. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने फेब्रुवारी 2010 मध्ये निकाल दिला तो कंपनीच्या बाजूने. डिस्क विकण्याचा हक्क अबाधित आहे. ती घेऊन कोणी खेळू शकत नसेल, तर त्यामुळे त्या हक्काचा भंग होत नाही, असे न्यायालयाने मानले. कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगत असेलही. मला मात्र ते घोडा विकायला मोकळीक आणि लगाम द्यायला बंदी, अशातले वाटते.

युरोपात पुढे वारे थोडे फिरले आणि पुन्हा मूळ दिशेला आले. 2012 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑरेकलच्या सॉफ्टवेअरसंबंधी असा निर्णय दिला की कायमस्वरूपी परवान्याने डाउनलोड केलेली प्रतसुद्धा ग्राहक पुन्हा विकू शकतो. त्याच धाग्याला धरून 2019 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने स्टीमवरचे गेमही विकता आले पाहिजेत, असे म्हटले. पण 2022 मध्ये अपिलात तो निकाल फिरवला गेला. गेम हा केवळ संगणक-प्रोग्रॅम नसून त्यात चित्र, संगीत, कथा अशा इतर कलाकृती गुंफलेल्या असतात, म्हणून सॉफ्टवेअरचा नियम त्याला लागू होत नाही, हे त्यामागचे कारण. तेव्हा तुमच्या दादांना ‘फसवणूक’ हा शब्द कायद्याच्या भाषेत वापरता येणार नाही. वापरायचाच झाला, तर तो बिचाऱ्या मित्राला लागू होईल, कारण वापरून झालेला कोड त्याने विकला, बहुधा नकळत.

आता तुमच्या बाजूकडे वळतो. डिस्कच्या काळाविषयी आज जो उमाळा दाटून येतो, त्यात बरेच विस्मरण आहे. डिस्कलाही कुलपे होतीच, आणि ती अधिक दांडगी होती. 2008 मध्ये आलेल्या स्पोर या गेमच्या डिस्कवर सेक्युरॉम नावाचे संरक्षण होते आणि सुरुवातीला तो केवळ तीन वेळा ॲक्टिव्हेट करता येई; संगणक बदलला, हार्ड डिस्क फॉरमॅट केली, की एक संधी संपली. लोकांनी परीक्षणांतून त्याचे इतके वाभाडे काढले की कंपनीला ती मर्यादा वाढवावी लागली. याउलट स्टीमवर तुम्ही गेम कितीही वेळा उतरवू शकता. पायरसी ही मुख्यतः किमतीची नव्हे तर सेवेची अडचण आहे, असे व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल म्हणत आले आहेत, आणि रुपयातील किमती, वर्षातून अनेकदा लागणारे सेल व घरबसल्या मिळणारे पॅच यांचा अनुभव घेतलेला कोणताही भारतीय गेमर ते सहसा नाकारणार नाही. परताव्याची सोय मात्र तुम्ही प्लॅटफॉर्मच्या औदार्याच्या खात्यात मांडू नका. खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत, ही पद्धत स्टीमवर जून 2015 मध्ये आली. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने त्याच्या आदल्याच वर्षी परताव्याच्या प्रश्नावर व्हॉल्व्हला न्यायालयात खेचले होते आणि 2016 मध्ये कंपनीला 30 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

या वादात एक गोष्ट नेहमी निसटते. स्टीमवरून घेतलेला प्रत्येक गेम स्टीमवर अवलंबून नसतो. व्हॉल्व्हने दिलेले कुलूप लावायचे की नाही, हे गेमचा प्रकाशक ठरवतो, आणि ज्यांना ते लावलेले नाही असे अनेक गेम क्लायंट बंद असताना थेट फोल्डरमधून चालतात. म्हणजे सक्ती करणारा हात पुष्कळदा प्रकाशकाचा असतो आणि बोल लागतो दुकानदाराला. त्याहून वाईट प्रकार म्हणजे एका दारामागे दुसरे दार. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या प्रकाशक कंपनीने 2011 मध्ये ओरिजिन हे स्वतःचे प्लॅटफॉर्म काढून बॅटलफील्ड 3 साठी ते सक्तीचे केले. आज त्याच कंपनीचे अनेक गेम स्टीमवर विकत घेतले, तरी ते सुरू होताना तिचा स्वतःचा लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, उघडतो. मे 2024 मध्ये सोनीने हेलडायव्हर्स 2 च्या पीसी खेळाडूंना प्लेस्टेशन नेटवर्कचे खाते जोडण्याची सक्ती जाहीर केली, तीही गेम विकून तीन महिने झाल्यावर, आणि जेथे असे खाते अधिकृतपणे उघडताच येत नाही अशा अनेक देशांत तो विकलेला असताना. खेळाडूंनी स्टीमवर प्रतिकूल परीक्षणांचा असा पाऊस पाडला की काही दिवसांतच निर्णय मागे घेतला गेला.

बहिष्काराचे सारेच प्रयोग इतके यशस्वी होत नाहीत. 2009 मध्ये कॉल ऑफ ड्यूटीच्या मॉडर्न वॉरफेअर 2 वर, खेळाडूंना स्वतः चालवता येणारे स्वतंत्र सर्व्हर काढून घेतल्याबद्दल, बहिष्कार टाकण्यासाठी स्टीमवरच एक गट निघाला होता. गेम आल्याच्या दिवशी त्या गटाच्या सदस्यांची यादी पाहिली, तर त्यांतले बरेचजण तोच गेम खेळताना दिसत होते. खाईन तर तुपाशी म्हणणारे उपाशी काही राहिले नाहीत.

माझे मत विचाराल, तर दुकान म्हणून तुमचा प्लॅटफॉर्म उत्तम आहे आणि दादांनी तो वापरायला हरकत नाही. पण एकट्याने खेळायच्या गेमला एकदा पैसे चुकते झाल्यावर पुन्हा दाराशी कोणी बसवू नये, हे त्यांचे म्हणणे मला पटते, आणि त्याला गैरसोयीचे रडगाणे समजणे चूक ठरेल.

प्रश्न : स्टीमची मक्तेदारी हेच सगळ्याचे मूळ आहे आणि एपिकसारखे प्रतिस्पर्धी वाढले की सक्ती आपोआप संपेल, असे मला वाटते. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : स्पर्धेचा लाभ झाला तो प्रामुख्याने गेम बनवणाऱ्यांना. स्टीम विक्रीतून 30 टक्के वाटा घेत आले आहे. 2018 च्या अखेरीस एका गेमच्या 1 कोटी डॉलरपुढील विक्रीवर 25 टक्के आणि 5 कोटी डॉलरपुढे 20 टक्के, अशी सवलत आली. त्यानंतर काही दिवसांतच एपिकने आपले दुकान उघडले आणि फक्त 12 टक्के घेण्याचे जाहीर केले. खेळणाऱ्याच्या वाट्याला मात्र आणखी एक लाँचर आला. फेब्रुवारी 2019 मध्ये यायचा मेट्रो एक्सोडस हा गेम ऐन तोंडावर स्टीमवरून काढून एका वर्षासाठी एपिकला दिला गेला, तेव्हा (आधी नोंदणी केलेल्यांना तो स्टीमवर मिळाला, हे खरे) जो संताप उसळला, तो दुकान निवडण्याचे स्वातंत्र्य गेल्याचा होता. दुकाने दोन असली आणि एक गेम एकाच दुकानात मिळत असला, तर त्या गेमपुरती मक्तेदारी कायमच राहते. सक्ती खरोखर टाळणारे दुकान म्हणजे पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने 2008 मध्ये सुरू केलेले जीओजी. तेथे गेमची स्वतंत्र इन्स्टॉलर फाइल उतरवून घेता येते आणि त्यांचा गॅलेक्सी क्लायंट ऐच्छिक आहे. तेथेही तुम्हाला परवानाच मिळतो आणि तो पुढे विकता येत नाही, परंतु फाइल तुमच्या हार्ड डिस्कवर राहते.

प्रश्न : माझ्या स्टीम खात्यात दहा वर्षांत जमवलेले गेम आहेत. ते माझ्या मुलीला देता येतील का? आणि प्लॅटफॉर्म किंवा प्रकाशकाने गेम बंद केला तर?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : करारानुसार खाते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, मृत्युपत्रानेही नाही. सध्यापुरती सोय म्हणजे 2024 मध्ये आलेले कुटुंब-खाते. त्यात एका घरातील सहा जणांपर्यंत एकमेकांचे बरेचसे गेम खेळता येतात, आणि वेगवेगळे गेम एकाच वेळी चालू शकतात.

बंद पडण्याची भीती अनाठायी नाही. युबिसॉफ्ट या प्रकाशक कंपनीने द क्रू या गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 रोजी बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला तो गेम एकट्याने खेळण्यासही निरुपयोगी झाला. त्यातूनच यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभारली आणि 2025 मध्ये युरोपीय संघातील तिच्या नागरिक-याचिकेने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या कायद्याने, ग्राहकाला परवाना मिळत असताना तसे स्पष्ट न सांगता ‘खरेदी करा’ असे म्हणण्यास विक्रेत्याला मनाई केली आहे. त्या कायद्यातून जी फाइल कायमची उतरवून इंटरनेटशिवाय वापरता येते तिला वगळले आहे, म्हणजे दार आणि दुकान यांतला फरक तेथील विधिमंडळाच्या ध्यानात आला म्हणायचा.

उलट उदाहरणही आहे. 2008 च्या फॉलआउट 3 ला मायक्रोसॉफ्टच्या गेम्स फॉर विंडोज लाइव्हची जोड होती. ती सेवा मोडकळीस आल्यावर अनेक वर्षे तो गेम नव्या विंडोजवर नीट चालत नसे. 2021 मध्ये प्रकाशकाने स्टीमवरील आवृत्तीतून ती जोड काढून टाकली.

प्रश्न : माझा संगणक विंडोज 7 वर आहे. जुने गेम त्यावर चांगले चालतात. पुढे अडचण येईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : स्टीमपुरती अडचण येऊन गेली आहे. 1 जानेवारी 2024 पासून विंडोज 7, 8 आणि 8.1 वर स्टीमच्या क्लायंटला आधार उरलेला नाही. गेमला तुमचा संगणक चालतो, क्लायंटच्या आत बसवलेल्या ब्राउझरला तो चालत नाही. क्लायंट अजून उघडत असेल, तर हवे ते गेम आत्ताच उतरवून घ्या. मग इंटरनेट तोडून आणि क्लायंट पूर्ण बंद करून प्रत्येक गेमच्या फोल्डरमधली मुख्य फाइल थेट चालवून पाहा. जे सुरू होतील त्यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. जे सुरू होणार नाहीत, ते जीओजीवर मिळतात का ते पाहा.