उसण भरली, आता बसावे कसे?

प्रश्न : मी ४६ वर्षांचा असून कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. दिवसाचे आठ-नऊ तास गादीवर मांडी घालून, समोरच्या ठेंगण्या मेजावर लॅपटॉप ठेवून हिशेब करतो. दहा दिवसांपूर्वी हमाल जागेवर नव्हता म्हणून गुळाचा ३० किलोचा रवा (ढेप) वाकून उचलला आणि कमरेत उसण भरली. तेव्हापासून पट्टा बांधून बहुतेक वेळ पडूनच आहे. कळ पायात उतरत नाही. घरचे एमआरआय करा म्हणतात, मित्र तालमीत पाठ तुडवून घ्यायला सांगतात आणि पत्नी म्हणते, ‘तुम्ही ताठ बसतच नाही.’ पण ताठ बसलो की जास्तच दुखते. काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या वर्णनावरून कमरेच्या स्नायूंना ताण बसलेला दिसतो आणि कळ पायात उतरत नसल्याने नस दबल्याची शक्यता कमी वाटते. असे दुखणे बहुधा चार ते सहा आठवड्यांत बरे होते. पडून राहिल्याने मात्र ते लांबते. पहिले एक-दोन दिवस ठीक होते, दहा दिवस जास्त झाले. आजपासून घरात, मग गल्लीत आणि जमू लागले की सकाळी रंकाळ्यावर, सोसेल तितके चालावे. शेकल्याने आराम पडतो. पट्ट्याची सवय मात्र हळूहळू सोडावी.

एमआरआयची घाई नको, कारण ज्यांची पाठ कधी दुखली नाही अशा अनेकांच्या चित्रातही चकती थोडी सरकलेली दिसते आणि तो अहवाल वाचून माणूस उगाच धास्तावतो. परंतु लघवी अडली, लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातील शक्ती कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप असेल किंवा कारण नसताना वजन घटत असेल, तरीही डॉक्टरांना लवकर दाखवावे. पाठ तुडवून घेऊ नये. वस्तादांच्या हाताला मान आहेच, पण पैलवानाची घडलेली पाठ आणि दहा दिवस अंथरुणावर पडलेली दिवाणजींची पाठ एक नव्हे.

आता बसण्याविषयी. पत्नीचे म्हणणे अर्धे खरे आहे. सपाट गादीवर मांडी घातली की गुडघे वर राहतात, कटी मागे कलते आणि कमरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो. अशा स्थितीत नुसत्या निर्धाराने ताठ बसायचे म्हणजे आधीच दुखावलेल्या स्नायूंना तासन्‌तास आवळून धरायचे, म्हणून आपल्याला जास्त दुखते. दोष आपल्या शिस्तीचा नसून बैठकीचा आहे. घोंगडी घडी करून चार बोटे उंच करावी आणि तिच्या पुढच्या कडेवर असे बसावे की गुडघे कमरेपेक्षा खाली राहतील. पाठ भिंतीला टेकवावी. लॅपटॉप जुन्या खतावण्यांच्या चवडीवर ठेवून पडदा नजरेसमोर आणावा आणि टंकनासाठी वेगळा कीबोर्ड घ्यावा. एवढे करूनही एकाच बैठकीत दोन तास घालवले तर पाठ तक्रार करणारच, तेव्हा दर अर्ध्या तासाला पाण्याच्या निमित्ताने तरी उठावे. गिऱ्हाईक आले की उभ्याने बोलावे.

राहिला तो रवा. पाठीचे स्नायू मणक्यापासून सुमारे ५ सेंटीमीटर अंतरावरून ओढतात. रवा हात लांबवून ५० सेंटीमीटरवर धरला, तर ३० किलो तोलण्यासाठी त्यांना ३०० किलोंच्या आसपास जोर लावावा लागतो, शिवाय वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. तोच रवा गुडघ्यांत वाकून, पोटाशी धरून उचलला तर हे अंतर बरेच कमी होते. हमाल ओझे पाठीवर घेतात त्यामागेही हेच गणित आहे: तेथे भार मणक्याच्या अगदी जवळ येतो. निदान पुढचे दोन महिने तरी हमाल येईपर्यंत रवा जागेवरच राहू द्यावा.