गादी सरकली, पण घाई कशाची?

प्रश्न : मी ४८ वर्षांचा, एसटीत चालक. कंबर दोन वर्षांपासून दुखते. चार महिने झाले, कळ डाव्या मांडीमागून पोटरीत उतरते. एमआरआयमध्ये ‘एल-फोर एल-फाइव्ह’ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दबल्याचं आलंय. एक डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात पट्टा बांधून महिनाभर झोपून राहा. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, कराड

उत्तर : रिपोर्टची झेरॉक्स वाचली, पण खरी माहिती मिळाली ती तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीतून : ‘चालताना बरं वाटतं, सीटवर बसलो की पाय ओढतो.’ गादीचं दुखणं बहुधा असंच वागतं. नुसत्या रिपोर्टवर जाऊ नका. पन्नाशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या शंभर जणांचा एमआरआय काढला तरी साठेक जणांची गादी फुगलेली दिसते.

महिनाभर झोपून तर मुळीच राहू नका. सिलिंडर उचलताना माझी कंबर धरली तेव्हा मी, डॉक्टर असून, तीन आठवडे फळीवर पडून होतो. उठलो तर पाय लटपटत होते. दोन दिवस आराम पुरे, मग हळूहळू चालायचं.

पायाची कळ बऱ्याच जणांची सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. तुमचे चार महिने झालेत, म्हणजे ऑपरेशनचा विचार करणं चूक नाही. फक्त एवढं ध्यानात घ्या, ते पायाच्या कळेसाठी असतं. कळ लवकर थांबते, पण दोन वर्षांची कंबरदुखी जाईलच असं नाही. हे सर्जनना थेट विचारा. मधला मार्ग म्हणजे नसेजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन. आराम काही आठवड्यांचाच, पण तेवढ्यात फिजिओथेरपिस्टकडे व्यायाम सुरू करता येतो. पट्टा प्रवासापुरता ठीक.

डावा पाय म्हणजे तुमचा क्लचचा पाय. सीट पुढे ओढा, स्टँडवर गाडी लागली की खाली उतरून पाच मिनिटं चाला. डेपोत काही दिवस हलकं काम मागा.

लघवी अडकली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा दोन्ही पायांतली ताकद गेली, तर त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा.

आज भिंतीला हात धरून दोन्ही टाचांवर दहा पावलं चाला. डावा पंजा वर राहत नसेल किंवा चप्पल निसटत असेल, तर माझ्या पुढच्या उत्तराची वाट न बघता उद्या सकाळी सर्जनकडे जा.