पेसाचा 5 टक्के निधी: तक्रारीआधी पासबुक मागा

तुम्ही विचारलंय की ग्रामपंचायतीला दरवर्षी पेसाचे, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्याखालचे, पैसे येतात, मग ओढ्यापलीकडच्या आमच्या पाड्यावर एकही काम का होत नाही आणि तक्रार कुठे करायची. तक्रार राहू द्या, आधी ग्रामसभा कोषाचं, म्हणजे हे पैसे ज्यात जमा होतात त्या खात्याचं, पासबुक बघायला मागा.

आदिवासी उपयोजनेच्या, म्हणजे आदिवासींच्या विकासासाठी वेगळ्या राखलेल्या, तरतुदीतले 5 टक्के राज्य सरकार 2015 पासून अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे पेसा लागू असलेल्या भागातल्या, ग्रामपंचायतींना थेट देतं. वाटा आदिवासी लोकसंख्येवर ठरतो. नाव 'अबंध निधी', म्हणजे काम कोणतं घ्यायचं ते ग्रामसभेने ठरवायचं. चौकट चार विषयांची आहे: पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण-स्वच्छता, आणि वनीकरण-जलसंधारण-वनोपजीविका. बहुतेक ठिकाणी गाडी पहिल्याच विषयावर अडते, तीही पेव्हर ब्लॉक आणि समाजमंदिरावर. त्यांची बिलं झटपट निघतात ना! डोंगरउतारावर चर खणण्यात ठेकेदाराला काय रस?

आता तुमचं खरं दुखणं. सभा भरते मोठ्या गावात, चावडीजवळ. तुमच्यातले चारजण जातात, मागे बसतात, रोजगार बुडवून परत येतात. मी या निधीतल्या कामांच्या वार्षिक आराखड्यांसाठी काही वर्षं एका तालुक्यात फिरलो. एका गावी तर सभा झालीच नव्हती, प्रोसिडिंग (सभेचं इतिवृत्त) मात्र सुवाच्य अक्षरात तयार होतं, सह्या-अंगठ्यांसकट.

यावरचा उपाय कायद्यातच आहे, पण तो फारसा कुणी सांगत नाही. पेसात 'गाव' म्हणजे महसुली गाव नव्हे. आपल्या चालीरीतींनी आपला कारभार पाहणारा पाडासुद्धा गाव ठरू शकतो. राज्याच्या 2014 च्या नियमांप्रमाणे पाड्यातल्या मतदारांनी तसा ठराव करायचा, तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे द्यायचा, तिथून तो जिल्हाधिकाऱ्याकडे जातो. गाव जाहीर झालं की ग्रामसभा तुमची, कोष तुमचा, आणि निधीतला लोकसंख्येप्रमाणे येणारा हिस्साही तुमचाच. शेजारच्या गावाशी हद्दीवरून कुरबूर होईल, म्हणून शिवार कुठवर ते दोन्हीकडच्या जाणत्यांना बसवून आधीच ठरवून टाका.

तोवर यंदाच्या आराखड्यात एकच काम घाला. दहा मागितलीत तर एकही मिळणार नाही. त्या कामाचा ठराव तोंडी सांगून येऊ नका. लेखी द्या आणि तारखेच्या शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका.