एन्के येतोय, पण शेपटी शोधत बसू नका

फेब्रुवारी 2027 मध्ये एन्के धूमकेतू पुन्हा सूर्याजवळ येतो आहे. त्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींना उत्तरं देतो.

दर सव्वातीन वर्षांनी येतो म्हणता, मग आम्ही त्याचं नाव कधी ऐकलं कसं नाही?

कारण तो गाजावाजा करत नाही. फेरी 3.3 वर्षांची. सूर्यापासून सर्वांत लांब गेला तरी गुरूच्या कक्षेच्या आतच राहतो, आणि जवळ येतो तेव्हा सुमारे पाच कोटी किलोमीटरवर. गंमत अशी, की 1786, 1795, 1805 आणि 1818 असा चारदा दिसूनही प्रत्येक वेळी तो नवाच वाटला होता. 1795 साली तो पाहिला कॅरोलिन हर्शेल यांनी. हे चौघे एकच आहेत हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहान एन्के यांनी आकडेमोडीनं सिद्ध केलं आणि 1822 चं आगमन आधीच वर्तवलं. तेव्हा तो दिसला ऑस्ट्रेलियातल्या पॅरामॅटाहून. एन्के स्वतः मात्र त्याला, 1818 साली तो शोधणाऱ्या पॉन्स यांच्या नावानं, शेवटपर्यंत ‘पॉन्सचा धूमकेतू’च म्हणत राहिले. हा मोठेपणा मला त्यांच्या गणितापेक्षाही आवडतो.

माझ्याकडे 10×50 ची दुर्बीण आहे. दिसेल? आणि कधी पाहायचा?

दिसायला हवा, पण अंधाऱ्या गावातून. पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून आशा ठेवू नका. जानेवारीत संध्याकाळी पश्चिमेकडे पाहायचं. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत तो जरा वर असेल, पण फिकट. 22 तारखेच्या पौर्णिमेनंतर, साधारण 25 पासून, चंद्र उशिरा उगवू लागेल. तोवर धूमकेतू सातव्या-आठव्या प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा लहान तितकं तेज जास्त) उजळलेला असेल, पण क्षितिजाकडे सरकलेला. म्हणजे उंची हवी की तेज, ते तुम्हीच ठरवा. मी दोन्ही वेळा जाणार. सूर्य पूर्ण मावळेपर्यंत दुर्बीण त्या दिशेला फिरवायची नाही, हे मुलांना बजावून ठेवा.

आणि एक, ‘सातवी प्रत’ ऐकून फसू नका. ताऱ्याचं तेज एका ठिपक्यात असतं, धूमकेतूचं पसरलेलं. 2017 च्या फेब्रुवारीत मीन राशीत शुक्र झगझगत होता आणि एन्के त्याच भागात होता. नकाशा हातात असूनही मला पंधरा मिनिटं तो सापडेना. मग नजर थोडी बाजूला ठेवून दुर्बीण हलकेच हलवली, तेव्हा काचेवर कुणी श्वास सोडावा तसा एक गोल धूसर डाग हलला. नजर थेट रोखली की गायब! आधी देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका शोधून सराव करा, तीही अशीच धूसर दिसते. टॉर्चला लाल कागद लावा, मोबाइल खिशातच राहू द्या.

शेपटी नसेल तर तो धूमकेतू कसला?

शेपटी असते, पण छोट्या दुर्बिणीतून सहसा जाणवत नाही. एन्केची धूळ बरीचशी जाड कणांची. बारीक धुळीचा चकचकीत पिसारा तो फारसा फुलवत नाही. जाड धूळ कक्षेभर विखुरते आणि वृषभ राशीतून येणाऱ्या संथ उल्का होऊन दर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्याला भेटते. शेंडेनक्षत्र हे आजीचं नाव याला शोभत नाही, एवढं मान्य.

तो वेळेआधी येतो असं वाचलं. खरं का?

एन्के यांच्या काळात खरं होतं. प्रत्येक फेरी सुमारे अडीच तासांनी आखूड होत होती, आणि ग्रहांच्या ओढीचा हिशेब धरूनही हा फरक उरायचा. अवकाशात काहीतरी त्याला अडवतंय आणि त्यामुळे त्याची कक्षा आक्रसतेय, असं एन्केंना वाटलं. खुलासा झाला 1950 मध्ये. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी धूमकेतूचा गाभा म्हणजे धूळ मिसळलेला बर्फाचा गोळा आहे असं मांडलं. उन्हात त्याची वाफ होते. गोळा स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ती नेमकी सूर्याच्या दिशेनं न सुटता थोडी तिरकी सुटते, आणि तिच्या उलट रेट्यानं कक्षा बदलते. पुढे हा रेटा बराच मंदावला.

अपशकुनी असतो का?

दर सव्वातीन वर्षांनी? कुणाला परवडेल!