बचावफळीचा तोल आणि सौद्याची किंमत

प्रश्न : मी काही वर्षांपासून कॅनडातील एडमंटन येथे राहतो आणि एडमंटन ऑइलर्स या आइस हॉकी संघाचे सामने नियमित पाहतो. २०१६ मध्ये टेलर हॉल हा आघाडीचा खेळाडू देऊन ॲडम लार्सन हा बचावपटू घेतला, तो सौदा आतबट्ट्याचा होता असे येथे आजही बोलले जाते. २०२३ मध्ये मॅटियस एकहोल्मसाठी केलेल्या सौद्याचे मात्र सगळे कौतुक करतात. दोन्ही वेळा हेतू बचाव भक्कम करण्याचाच होता. मग असा सौदा करताना संघाने नेमके काय तोलून पाहायचे असते?
– एक वाचक, एडमंटन

उत्तर : येणारा बचावपटू किती चांगला आहे यावर भरपूर चर्चा होते, जाणाऱ्या खेळाडूचे काम उद्यापासून कोण करणार, हे त्या मानाने कमी विचारले जाते. आपण उल्लेख केलेल्या दोन सौद्यांमधला फरक मला मुख्यतः इथेच दिसतो.

२०१६ मधील ऑइलर्सची अडचण खरी होती. २०१० मध्ये हॉल, २०११ मध्ये नुजंट-हॉपकिन्स, २०१२ मध्ये याकुपोव्ह आणि २०१५ मध्ये मॅकडेव्हिड असे चार खेळाडू त्यांनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, पहिल्याच क्रमांकावर निवडले होते आणि चौघेही आघाडीचे होते. बचावात, विशेषतः उजव्या बाजूला, भरवशाचा माणूस नव्हता. त्यामुळे २९ जून २०१६ रोजी न्यू जर्सी डेव्हिल्स या संघाशी एकास एक अशी अदलाबदल झाली. वर्षाला साठ लाख डॉलरचा हॉल गेला आणि सुमारे ४१ लाख ६७ हजार डॉलरचा लार्सन आला. इथपर्यंतचे समर्थन करता येते. उजव्या हाताचे, म्हणजे उजवीकडून फटका मारणारे, चांगले बचावपटू एनएचएल या लीगमध्ये थोडे आहेत, त्यांचे संघ त्यांना सहजासहजी सोडत नाहीत आणि लार्सनचा करार २०२१ पर्यंतचा होता.

पण डाव्या विंगवर, म्हणजे आघाडीच्या डाव्या बाजूला, हॉलची जी जागा रिकामी झाली, ती भरण्यासाठी दोनच दिवसांनी मिलान लुचिच याला सात वर्षांसाठी चार कोटी वीस लाख डॉलर देण्यात आले, म्हणजे वर्षाला पुन्हा तेच साठ लाख. बचावपटू स्वस्तात मिळाल्याने वाचलेला पैसा तर उरला नाहीच, उलट वेगवान खेळाडूच्या जागी मंद खेळाडू आला आणि लांबलचक करार गळ्यात पडला. २०१६-१७ मध्ये ऑइलर्स गुणतक्त्यात १०३ गुण मिळवून २००६ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, पोहोचले, त्यामुळे वर्षभर टीका थंडावली होती. पुढच्या वर्षी हॉलने ९३ वैयक्तिक गुणांसह (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास मिळून) हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगच्या सर्वात मौल्यवान खेळाडूचा मान, न्यू जर्सीकडून मिळवला आणि टीकेला पुन्हा धार आली. माझे मत असे की गरज ओळखण्यात संघ चुकला नाही, लार्सननेही आपले काम चोख केले. चूक झाली ती किमतीत आणि त्यानंतर केलेल्या खरेदीत.

एकहोल्मचा सौदा २८ फेब्रुवारी २०२३ चा. तो नॅशव्हिलच्या संघाशी झाला. नॅशव्हिलला मिळाले ते बचावपटू टायसन बॅरी, २०२२ च्या पहिल्या फेरीत निवडलेला रीड शेफर, २०२३ च्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड (खेळाडू निवडण्याचा हक्क) आणि २०२४ ची चौथ्या फेरीची निवड. ऑइलर्सला एकहोल्म आणि २०२४ ची सहाव्या फेरीची निवड. किंमत वरवर पाहता भारी वाटते. बॅरी तेव्हा पॉवर प्लेच्या (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या खेळाच्या) पहिल्या तुकडीचा सूत्रधार होता आणि तो पॉवर प्ले ३२.४ टक्के यशासह लीगच्या इतिहासातील सर्वोत्तम ठरण्याच्या मार्गावर होता. अशा चालत्या गाड्याची खीळ कोण काढील? संघाने ती काढली, कारण उजव्याच हाताचा तरुण इव्हान बुशार्ड संघातच तयार होता आणि नवोदितांच्या करारावर असल्याने त्याचा पगारही अगदी थोडा होता. बुशार्डने पॉवर प्ले सांभाळला. शिवाय डाव्या हाताच्या एकहोल्मशी त्याची जोडी जमली, आणि उरलेल्या २१ सामन्यांपैकी ऑइलर्सने १८ जिंकले. २०२३-२४ मध्ये बुशार्ड ८२ गुणांपर्यंत गेला.

पगाराचे गणितही पाहावे. त्या हंगामात प्रत्येक संघाला सॅलरी कॅप, म्हणजे एकूण पगाराची मर्यादा, ८ कोटी २५ लाख डॉलरची होती. एकहोल्मचे वार्षिक ६२ लाख ५० हजार आणि बॅरीचे ४५ लाख. नॅशव्हिलने एकहोल्मच्या पगाराचा चार टक्के भाग स्वतःकडे ठेवल्याने ऑइलर्सवरचा बोजा साठ लाखांवर आला. एकहोल्मचा करार २०२६ पर्यंतचा असल्यामुळे दोन महिन्यांसाठी पाहुणा आणला असेही झाले नाही. वय ३२ होते, तेवढी जोखीम मात्र होती.

दोन्ही बाजूंचे समाधान करणारा सौदा हवा असेल तर ६ जानेवारी २०१६ चा पाहावा. नॅशव्हिलकडे बचावात वेबर, योसी, एलिस आणि हाच एकहोल्म असल्याने बचावपटू सेथ जोन्स जाणे त्यांना परवडत होते. कोलंबसच्या संघाने त्याच्या बदल्यात रायन जोहान्सन हा सेंटर, म्हणजे आघाडीच्या मधल्या जागेचा खेळाडू, दिला. पुढच्या हंगामात नॅशव्हिल स्टॅनले कप या लीगच्या विजेतेपदाच्या अंतिम फेरीत खेळले आणि कोलंबसने १०८ गुण मिळवले.

प्रश्न : आपल्या मैदानी हॉकीत ‘उजव्या हाताचा बचावपटू’ असा भेद कधी ऐकला नाही. आइस हॉकीत त्याला एवढे महत्त्व का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मैदानी हॉकीत स्टिकची फक्त डावी, सपाट बाजू वापरता येते, त्यामुळे सगळेच एका पद्धतीने खेळतात. बर्फावर तसे बंधन नाही. मात्र तेथे निम्म्याहून बरेच अधिक खेळाडू डाव्या हाताने फटका मारणारे असतात. प्रतिस्पर्ध्याने पक (चेंडूच्या जागी असणारी चकती) कोपऱ्यात ढकलला आणि तो काठाच्या फळीला घासत उजवीकडून वर येऊ लागला, की तेथील बचावपटूला मान वळवून मागून येणारा माणूस पाहायचा, पक घ्यायचा आणि लगेच पास द्यायचा असतो. उजव्या हाताच्या खेळाडूच्या स्टिकचे पाते फळीच्या बाजूलाच असते. डाव्या हाताच्या खेळाडूला तोच पक पात्याच्या उलट्या बाजूने अडवावा लागतो, आणि त्यात गेलेल्या क्षणभरात धडक बसते. समोरच्या निळ्या रेषेवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या भागाच्या सीमेवर, काठाने निसटणारा पक आत राखतानाही हीच अडचण येते. मध्यभागातून आलेल्या पासवर थेट फटका मारायला मात्र उलट्या बाजूचा खेळाडू सोयीचा पडतो.

तरीही हात जुळला म्हणजे जोडी जुळली असे समजून सौदा करू नये. १ जुलै २०१९ रोजी टोरंटोने नाझेम काद्री हा सेंटर कोलोराडोला देऊन वर उल्लेखलेल्या बॅरीलाच आणले, कारण त्यांची उजवी बाजू लंगडी होती. बॅरी उजव्या हाताचा खरा, पण त्याचे बळ आक्रमणात. स्वतःच्या गोलपुढची झटापट त्याला मानवत नसे. एका हंगामानंतर करार संपून तो निघून गेला, आणि काद्रीने २०२२ मध्ये कोलोराडोबरोबर स्टॅनले कप जिंकला. बॅरी गेल्यावर टोरंटोने टी. जे. ब्रोडी या डाव्या हाताच्या बचावपटूला चार वर्षांसाठी दोन कोटी डॉलरला मुक्त बाजारातून (करार संपलेल्या खेळाडूंमधून) घेतले आणि उजव्या बाजूला मॉर्गन रायलीच्या जोडीला उभे केले. कॅल्गरीत वर्षानुवर्षे तीच बाजू सांभाळल्याने उलट्या पात्याने पक काढण्याची त्याला सवय होती. अखेरच्या हंगामात त्याचा खेळ उतरला, पण त्याच्यासाठी ना कोणी खेळाडू द्यावा लागला होता, ना ड्राफ्टमधली एखादी निवड.