"मॅडम, मी पकडला जाईन का?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्यापुढे इतक्या जणांनी ठेवला आहे की पहिलं वाक्य ऐकूनच पुढचं कळतं. "पेपरचं इंग्रजी एआयकडून करून घेतलं. ही चोरी झाली का?" विचारणारे बहुतेक नोकरी सांभाळून पीएच.डी. करणारे आणि मराठी माध्यमातून आलेले असतात. मी समुपदेशक. पूर्वी नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या माझ्या खोलीत संशोधक यायचे ते गाईडशी पटत नाही म्हणून. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि हळूहळू तक्रारीचा सूर बदलला.

त्यातल्या एकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. निफाडकडच्या एका महाविद्यालयात ते तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतात. कांदा साठवायच्या चाळींवरचा त्यांचा पेपर एका जर्नलकडे गेला होता आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. रात्री घरचे झोपले की लॅपटॉप उघडायचा, तोच पेपर वेगवेगळ्या एआय डिटेक्टरमध्ये, म्हणजे मजकूर एआयने लिहिलाय का ते सांगणाऱ्या साइटवर, टाकायचा आणि टक्के बघत बसायचं.

"एक साइट म्हणते ८ टक्के, दुसरी म्हणते ७१. खरं कुठलं धरू?"

"७१ ऐवजी ७ आले, तर झोप लागेल?"

ते थोडे थांबले. "नाही. तिसरीकडे तपासेन."

त्यांच्या डोक्यात दोन वेगवेगळे टक्के एकत्र झाले होते. हा गोंधळ मी बऱ्याच जणांत पाहते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतली १० टक्क्यांची मर्यादा दुसऱ्यांच्या मजकुराशी असलेल्या साधर्म्याची आहे. एआय डिटेक्टरचा आकडा म्हणजे नुसता अंदाज. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये बंद केला, कारण तो नीट ओळखतच नव्हता. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध सात डिटेक्टरमधून काढले. माणसांनीच लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक 'एआयने लिहिलेले' ठरले. साधं, बेताच्या शब्दसंग्रहाचं इंग्रजी लिहिणाऱ्यावर संशय लवकर येतो, तो असा.

हे ऐकून सरांना बरं वाटलं, पण फार वेळ टिकलं नाही. माहितीने भीती जात असती तर आमचा व्यवसाय कधीच बंद पडला असता.

पुढच्या भेटीत मी त्यांना पेपर बॅगेतच ठेवायला सांगितला. "काय सापडलं तुम्हाला, ते मराठीत सांगा."

"प्रस्तुत शोधनिबंधात..." त्यांनी सुरुवात केली.

"सर, विद्यापीठाला नका सांगू. मला सांगा. मी बाजारातून दोन किलो कांदे आणणारी बाई."

ते हसले आणि मग जे बोलू लागले ते थांबेनात. "सगळे धरून चालतात की चाळ बांधली म्हणजे शेतकरी भाव येईपर्यंत थांबेल. मी ज्यांच्याकडे गेलो तिथं तसं दिसलं नाही. उन्हाळ कांदा चाळीत भरलेला असतो. पण जून उजाडला की बियाणं, खत, पोरांची फी, सगळं एकदम येतं. मग भाव नसला तरी ट्रॅक्टर लासलगावला जातो. चाळ आहे हो मॅडम त्यांच्याकडे, थांबायची ऐपत नाही."

"हे शेवटचं पेपरात आहे?"

"आहे. इंग्रजीत फार गुळगुळीत झालंय."

"पण म्हणणं कुणाचं?"

"माझंच की! मी हिंडलोय त्यासाठी." आवाज चढला होता. मला तो चढलेलाच हवा होता.

मग मी पेपर बाहेर काढायला लावला आणि संदर्भसूचीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे गृहस्थ काय म्हणतात?"

सर गप्प. "हा चॅटजीपीटीने सुचवला होता. नाव विषयाला धरून वाटलं, म्हणून..."

आम्ही तिथेच त्याचा डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक, टाकून पाहिला. उघडला तो भलत्याच विषयावरचा लेख. सूचीतलं शीर्षक शोधलं, तर ते कुठेच सापडेना. ही साधनं संभाव्य वाटतील असे शब्द एकापुढे एक मांडतात. त्यामुळे लेखकाचं नाव, वर्ष, जर्नल सगळं पटण्यासारखं दिसतं आणि तसा लेखच अस्तित्वात नसतो.

मला या प्रकरणात जे गवसलं ते इथे. इंग्रजी नीट करून घेतल्याची टोचणी त्यांना रात्र-रात्र जागवत होती, आणि न वाचलेल्या संदर्भाने त्यांची एक रात्रही खराब केली नव्हती. लाज भलत्याच गोष्टीची वाटत होती. ती लाज एआयच्या आधीची होती. 'मला इंग्रजी आलंच पाहिजे, नाहीतर मी खरा प्राध्यापक नाही' ही समजूत अकरावीच्या वर्गापासून सोबत होती. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या वाटेने काम करणारी. घटनेपेक्षा तिच्याविषयीची आपली समजूत जास्त छळते, हे मला रोज दिसतं. पूर्वी लोक प्रबंध इंग्रजीच्या प्राध्यापकांकडून तपासून घ्यायचे आणि ऋणनिर्देशात आभार मानायचे. त्यात कुणाला चोरी वाटली नाही, कारण ते उघड होतं.

मी गृहपाठ जरा जास्तच देते, असं सहकारी म्हणतात. देते. सरांनी प्रत्येक संदर्भ मूळ लेख उघडून तपासला, दोन काढून टाकले आणि संपादकांना स्वतःहून पत्र लिहिलं: सूचीत चुका आहेत, दुरुस्त प्रत जोडली आहे, भाषा सुधारण्यासाठी एआय वापरलं, आशयाची जबाबदारी माझी. पत्र पाठवायच्या आधी हात थरथरत होते म्हणाले. डिटेक्टरच्या साइट त्यानंतर आपोआप सुटल्या.

पेपर स्वीकारला गेला का? अजून नाही. परीक्षकांनी गावांच्या निवडीवर आक्षेप घेतला आहे. सरांनी फोनवर मला त्याचं सविस्तर उत्तर ऐकवलं. ते परीक्षकांवर मनापासून चिडले होते. मला फार आनंद झाला.

नियमांबद्दल थोडं, कारण ते विचारलं जातंच. एआयचं नाव लेखक म्हणून देता येत नाही. प्रकाशनातल्या नीतिमत्तेवर काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेने हे फेब्रुवारी २०२३ मध्येच सांगितलं, कारण यंत्र जबाबदारी घेऊ शकत नाही. बाकी बाबतीत जर्नलगणिक फरक आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकचंच, त्यामुळे माझ्याकडे डॉक्टरही येतात. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आयसीएमजेई या समितीच्या शिफारशींनुसार लेखनातली मदत ऋणनिर्देशात आणि विश्लेषणातली मदत पद्धतीच्या भागात सांगायची असते. स्प्रिंगर नेचरला नुसत्या भाषेच्या सफाईची नोंद लागत नाही. म्हणून पाठवण्याआधी त्या जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचा. नोंद सक्तीची नसली तरी करा, असं माझं मत. झोप चांगली लागते.

आणि दुसऱ्याचा पेपर तपासायला आला असेल तर तो चॅटबॉटमध्ये टाकू नका. तो गोपनीय असतो. एका बाईंना हे टाकून झाल्यावर कळलं, आणि त्यांची भीती मात्र मला खोटी म्हणता आली नाही.

गाईड मंडळींना एक विनंती. विद्यार्थ्याने एआय वापरल्याचं सांगितलं की 'किती टक्के?' असं विचारू नका. कुठे वापरलं ते विचारा, समोर बसवून एक परिच्छेद मराठीत समजावून घ्या आणि दोन संदर्भ उघडून दाखवायला सांगा. काम त्याचं आहे की नाही ते तेवढ्यात कळतं. फक्त हे दार लावून करा. एकाला विभागात सगळ्यांदेखत झापलंत, तर बाकीचे तुम्हाला काहीच सांगणार नाहीत, माझ्याकडे येतील. माझी तक्रार नाही, पण माझ्या खोलीत खुर्च्या कमी आहेत.